रंग फुटला? फेकू नका, घोटा!

वीकेंड पेंटर नावाची एक जमात आपल्या ऑफिसांमध्ये गुपचूप वाढतेय. सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट आणि शनिवारी रात्री हातात झिरो नंबरचा ब्रश. कुणी दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे रंगवतं, कुणी बोर्डगेममधले सैनिक, कुणी चिमुकली विमानं. या सगळ्यांच्या कपाटात एक डबा हमखास असतो. त्यातल्या निम्म्या बाटल्यांत वर पाणी आणि खाली चिखल! त्या थेट कचऱ्यात टाकणार असाल तर जरा थांबा.

माझं गाव करडी, भंडारा जिल्ह्यातलं. आमच्याकडे मिनिएचर म्हणजे लाकडी नंदी. पोळ्याला मान खऱ्या बैलांचा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो पोरांचा. चाकांवरचा नंदी ओढत पोरं घरोघर जातात, बोजारा गोळा करतात. आमच्या घरचा वीतभर नंदी आबाजींनी स्वतः तासलेला. आबाजी आता नाहीत. गेल्या वर्षी पुतण्या पहिल्यांदाच तो घेऊन निघणार होता आणि शिंगांचा रंग पार उडालेला. पुण्याहून नेलेला डबा रात्री उघडला, तर पांढरा आणि गेरू दोन्ही फुटलेले. रात्री नऊ वाजता करडीत अ‍ॅक्रेलिक कुठून आणणार? मोठ्या आईनं बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, ''अरे बावा, ताकावर निवळी आली म्हून कोनी ताक फेकते का? घोट ना!''

मोठी आई केमिस्ट्री शिकलेली नाही, पण मुद्दा बरोब्बर. अ‍ॅक्रेलिक रंगात मुख्य गोष्टी तीन : रंगाची पूड म्हणजे पिगमेंट, तिला धरून ठेवणारा अ‍ॅक्रेलिकचा बाइंडर आणि पाणी. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड. बाटली महिनोन्‌महिने उभी राहिली की ते तळाला बसणारच. रंग बिघडलेला नसतो, नुसता बसलेला असतो.

मग करायचं काय? आधी टूथपिक तळापर्यंत घालून गाळ मोकळा करा. मग झाकण घट्ट लावून बाटली तळव्यांत रवीसारखी फिरवा आणि दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. आत स्टेनलेस स्टीलची छोटी गोळी टाकली तर काम सोपं होतं. सायकलचे छर्रे मात्र नकोत, ते गंजतात आणि पांढऱ्याचा पिवळा होतो! आता एक थेंब प्लेटवर टाका. कडेनं पाण्याची रिंग सुटली तर अजून घोटायचंय.

एवढं करूनही रंग पाणचट? बाटली दोन दिवस उभी ठेवा, वरचं पाणी ड्रॉपरनं थोडं थोडं काढा. ते लगेच ओतू नका. त्यात बाइंडरही असतो, रंग फार घट्ट झाला तर तेच परत घालता येतं. घाई असेल तर प्लेटवर काढलेला रंग काही मिनिटं उघडा ठेवा, पाणी उडतं. आणि आधीच पाणी जास्त पडलेलं असेल तर दोन-तीन थेंब मॅट मीडियम घाला. नुसत्या पाण्यानं बाइंडर विरळ होतो आणि वाळलेला रंग खडूसारखा बोटाला लागतो.

आता ताक आणि नासलेलं दूध यातला फरक. आत रबरासारख्या गुठळ्या झाल्या असतील तर बाइंडरचे कण एकमेकांना कायमचे चिकटलेत. ते पुन्हा सुटत नाहीत. एखाददुसरी गुठळी असेल तर जुन्या स्टॉकिंगमधून गाळून बघा. पण कुजका वास आला तर सरळ निरोप द्या, बेसिनमध्ये न ओतता.

तसं घोटणं-कालवणं आपल्याला नवं नाही. दि. प. दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेला धंदा, जो पुढे कॅम्लिन म्हणून घरोघरी पोचला, तो सुरुवातीला शाईची पूडही विकायचा. पूड पाण्यात कालवा, मग लिहा! तयार बाटलीनं आपल्याला जरा आळशी केलंय, इतकंच.

आमच्या नंदीची जुनी चकाकी आधी बारीक पॉलिशपेपरनं मारली, मग घोटलेल्या रंगाचे दोन पातळ हात दिले, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. जाड एकच हात लवकर उरकला असता, पण आबाजींच्या पटाशीच्या खुणा त्याखाली बुजल्या असत्या. त्या अजून दिसतात. बोजारा किती मिळाला, हे मात्र पुतण्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा येत्या शनिवारी डबा बाहेर काढा. महिन्यातून एकदा सगळ्या बाटल्या हलवा, उलट्या-सुलट्या करा, झाकणाची कड पुसा, वापरलेला ब्रश बाटलीत बुडवू नका. दहा मिनिटांचं काम आहे. एवढा वेळ तर आपण ऑफिसात चहाच्या मशीनसमोर रांगेत घालवतो!