पिंजऱ्यातील संसार

मुलांनो, बजरीगर हा चिमुकला पोपट मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1840 मध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने तो इंग्लंडात नेला. आज आपल्या बीडमध्येही तो पिंजऱ्यात किलबिलताना दिसतो.

पिंजऱ्यात मडके टांगले की जोडीचा संसार सुरू होतो. मादी एक दिवसाआड एक, अशी चार ते सहा अंडी घालते. सुमारे 18 दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि पाच आठवड्यांत मडके सोडतात. हे पाहण्यात आनंद आहे खरा. परंतु मडके टांगण्यापूर्वीच स्वतःस विचारावे, ‘ही पिल्ले पुढे जाणार कोठे?’

पिंजरा दाटला म्हणजे कोणी त्याचे दार उघडतो आणि त्यास भूतदया म्हणतो. मला ती दया वाटत नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या पाखरास दाणा हुडकणे ठाऊक नसते, शिकऱ्यास चुकविणे ठाऊक नसते. त्यास सोडणे म्हणजे मृत्यूच्या हाती देणेच होय. उलट, आपल्या रानातील राघूस धरून कोंडणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. परक्या पाखरास उघड्यावर टाकणे आणि रानच्या पाखरास कोंडणे, दोन्ही निर्दयपणाच!

ज्या जिवाच्या जन्मास आपण कारण झालो, त्याच्या दाणापाण्याचा भार अखेरपर्यंत आपलाच. तेवढी तयारी नसेल, तर मडके टांगू नये. उन्हाळ्यात अंगणातील झाडास पाण्याची परळ टांगावी. चिमण्या आपण होऊन येतील.