आजींची बांगडी कोणी चोरली?

पुढील प्रकार बेळगाव-निपाणीकडील पुष्कळ घरांना परिचित असेल. सासूबाईंची बांगडी सापडत नाही. त्यांनीच ती पदराच्या गाठीत बांधून ठेवलेली असते. परंतु आळ येतो तो त्यांना न्हाऊमाखू घालणाऱ्या सुनेवर. शेजारी कुजबुजतात, मुलाचे मन कलुषित होते आणि सून एकांतात डोळे पुसते.

ही सासूबाईंची दुष्टाई नव्हे. स्मृतिभ्रंश ह्या मेंदूच्या विकाराचे ते लक्षण असू शकते. १९०१ साली फ्रांकफुर्ट येथे डॉ. आल्त्सहायमर ह्यांनी ५१ वर्षांच्या एका बाईंना तपासले. त्यांच्या दुखण्याचे पहिले ठळक चिन्ह विस्मरण नव्हते, तर पतीविषयीचा संशय होता. पुढे त्या विकारास ह्याच डॉक्टरांचे नाव मिळाले.

संशय, भास, संताप, उदासी, रात्रीची जागरणे, घराबाहेर भटकणे, ही सारी त्याच दुखण्याची अंगे होत. १९९४ साली डॉ. जेफ्री कमिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक लक्षण किती वेळा दिसते व किती तीव्र आहे, हे तीत घरच्या माणसास विचारतात. पुढे तीत आणखी एक प्रश्न आला: ह्या लक्षणाचा तुम्हांला स्वतःला किती ताप होतो? त्याला ० ते ५ असे अंक देतात. म्हणजे सेवा करणाऱ्याचे दुःखही वैद्यकाने मोजण्याजोगे मानले आहे. मग आपण घरच्यांनी ते का दृष्टीआड करावे?

आजींशी वाद घालू नये. “मी घेतली नाही” असे शंभरदा सांगण्यापेक्षा “चला, दोघी मिळून शोधू” हे बरे. विड्या वळण्यात जन्म गेला असेल, तर मांडीवर सूप व कागदाचे तुकडे द्यावेत. हातांना ओळखीचे काम मिळाले की मन पुष्कळदा निवते. ‘अस्तु’ ह्या मराठी चित्रपटात स्मृती हरपलेल्या संस्कृत पंडितांना माहुताची कानडी पत्नी मायेनेच सांभाळते. तिथे भाषेची अडचण येत नाही.

त्रास एकाएकी वाढला, तर लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, दातदुखी किंवा नवे औषध हे कारण नाही ना, ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. माणसास बांधून ठेवू नये. मन शांत करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. अशा काही औषधांनी ह्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २००५ सालीच दिला आहे. धारवाडच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत उपचार मिळतात. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनीनेही विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि मुलांनो, एक काम तुमचेच आहे. चार शेजाऱ्यांदेखत स्पष्ट सांगा: “आई आजारी आहे, माझी पत्नी चोर नाही.” मग आठवड्यातील काही रात्री आईच्या उशाशी तुम्ही जागा.