गुरुजींची वही

जळगाव ते धुळे हे अंतर काही फार नाही. एस. टी.ने एरंडोल आले, पारोळा आले, की धुळे आलेच. पण ज्या घरी मी व्हायोलिन शिकलो, तिथे जायला मला सात वर्षे सवड झाली नव्हती. नव्वदीला टेकलेल्या गुरुजींनीच शेवटी निरोप धाडला, "वही घेऊन जा. माझा हात आता कापतो."

वही भातखंडे पद्धतीची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, मींडेसाठी वर कमान. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्याघराण्यांतून गोळा केलेल्या चिजा छापल्या, त्या याच खुणांनी.

माझी नात पुण्यात व्हायोलिन शिकते, पण पाश्चात्य पद्धतीचे. तिला पाच रेघांवरची स्वरलिपी तेवढी वाचता येते. तिच्यासाठी वही संगणकावर उतरवायला घेतली. मुलाने 'लिलीपाँड' नावाचे सॉफ्टवेअर बसवून दिले. १९९६ साली दोघा डच तरुणांनी त्याचे काम सुरू केले, मिळते फुकट. आपण नुसती अक्षरे टंकावी, आणि धातूच्या पत्र्यावर कोरून छापल्यासारखे सुबक पान हाती यावे!

पहिली अडचण 'सा'ची. आपला सा फिरता, त्यांचे स्वर ठरलेले. एक पट्टी धरली आणि भूप, यमन झटपट उतरले. अडलो दरबारी कानड्याच्या गांधारापाशी. हा कोमल गांधार नेहमीच्या कोमलाहूनही खाली, आणि एका जागी उभा न राहणारा; संथ झुलणारा. सतारीला पडदे असतात, व्हायोलिनला नाहीत. सारा हिशेब बोटाच्या पेराशी. नागमोडी रेघ काढून पाहिली, तर तिचा अर्थ दोन स्वरांची जलद अदलाबदल! मींड मागितली, तर दोन स्वरांमध्ये फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ!

छापलेले पान घेऊन धुळे गाठले. गुरुजींनी चष्मा पुसला, पान दूर धरले.

"देखणं आहे. पण ही रेघ वाटेत कुठं थांबत नाही रे. मींड पाहुणचार घेत घेत जाते."

मग बैठक मारून त्यांनी व्हायोलिन घेतले. गज थरथरला, पण गांधार जसा झुलायला हवा तसाच झुलला.

"इथं जागा कोरी सोड," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत आमच्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आठवल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, त्यांची गाणी टिपून ठेवली नसती, तर १९५२ साली ते पुस्तक निघालेच नसते. तेव्हा कागदाला नावे ठेवायची माझी छाती नाही. शब्द त्यानेच राखले. आवाज मात्र त्यात मावत नाही.

दरबारीच्या पानावर गांधारापाशी जागा कोरीच ठेवली आहे. खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे: 'हे धुळ्याला जाऊन ऐकावे.' नात दिवाळीच्या सुट्टीत येते आहे. यंदा फराळाचा डबा गुरुजींच्याच घरी उघडायचा बेत आहे.