बायपासनंतरचा ताप : घाबरू नका, गाफीलही राहू नका

एके काळी बायपास म्हटले की नाशिककरांना मुंबई-पुणे गाठावे लागे. पुढे शालिमार भागातील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आणि खासगी रुग्णालये यांमुळे ही सोय गावातच झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने ती पेठ-सुरगाण्याच्या शेतकऱ्याच्याही आवाक्यात आणली. शस्त्रक्रिया अशी जवळ आली. तिची माहिती मात्र रुग्णापासून अजून दूरच आहे, असे माझे मत आहे.

नातेवाईक मला नेहमी विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन चांगले झाले म्हणतात, मग ताप का? अंगावर सूज का? काही बिघडले तर नाही ना?"

याचे उत्तर आपल्या प्रतिकारशक्तीत आहे. हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना हृदय व फुफ्फुसांचे काम एक यंत्र करते. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी ते प्रथम यशस्वीपणे वापरले. त्यात शरीरातील रक्त प्लॅस्टिकच्या नळ्यांतून फिरते. रक्ताला हा स्पर्श परका असतो. शत्रू शिरला असे समजून पांढऱ्या पेशी सज्ज होतात आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये रक्तात सुटतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरून अंगावर सूज येते, ताप चढतो, पांढऱ्या पेशींची संख्या वाढते. सुक्याबरोबर ओलेही जळते, तसा फुफ्फुसे व मूत्रपिंडांनाही या दाहाचा थोडाफार त्रास होतो. काही शल्यविशारद धडधडत्या हृदयावरच बायपास करतात. त्यात यंत्र टळते, पण छाती उघडल्याने होणारा दाह टळत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांतील असा सौम्य ताप बहुधा जंतूंचा नसतो, आपोआप उतरतो. तो कशाचा, हे मात्र तेथील डॉक्टरांनीच ठरवायचे.

मग हा दाह औषधाने दडपून का टाकू नये? हा प्रयोगही झाला. १८ देशांतील ७,५०७ रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या वेळी स्टिरॉइड देऊन पाहिले गेले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. म्हणून घरी गेल्यावर सूज दिसली की कोणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइडची गोळी घेणे किंवा ताप आला की दुकानातून अँटिबायोटिक आणणे, हे रोगापेक्षा इलाज भयंकर अशातले आहे.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. या धुमश्चक्रीनंतर प्रतिकारशक्ती काही दिवस थकलेली असते. नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे 'पाहायला' येणाऱ्यांची रीघ लागते. खोकणारा पाहुणाही खाटेवर टेकतो. आपुलकी खरी, पण ती दारातूनच दाखवावी. घरच्यांनी हात धुऊनच रुग्णाजवळ जावे. मधुमेह असल्यास साखर काबूत ठेवावी. तंबाखू व विडी कायमची सोडावी.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र वाट पाहू नका. तीन-चार दिवसांनंतर नव्याने ताप, जखमेतून पू किंवा पाणी, छातीच्या हाडात कटकट, धाप, अनियमित धडधड. काहींना आठवड्यानंतर ताप येतो आणि दीर्घ श्वास घेताना किंवा आडवे पडल्यावर छातीत दुखते. ही हृदयाच्या आवरणाची सूज असू शकते. तीही प्रतिकारशक्तीचीच करामत; अँटिबायोटिकने ती जात नाही, तिचे उपचार वेगळे आहेत. अशा वेळी शस्त्रक्रिया झाली त्याच रुग्णालयाशी संपर्क साधावा. धाप फार असेल तर जवळचे रुग्णालय गाठावे.

माझी मागणी साधी आहे. घरी सोडताना मिळणारा इंग्रजी कागद सुरगाण्यात कोण वाचणार? त्याच्या पाठीमागे मराठीत दहा ओळी छापाव्यात : कोणता त्रास अपेक्षित, कोणता धोक्याचा, आणि रात्री-अपरात्री फोन कोठे करायचा. याला खर्च जवळजवळ नाही. तोवर वाचकहो, घरी निघण्यापूर्वी हे तीन प्रश्न तुम्हीच डॉक्टरांना विचारा आणि उत्तरे लिहून घ्या. विचारण्यात संकोच नको. तो तुमचा हक्क आहे.