दोष तोफेचा की आपला?

२०१२ साली न्यूयॉर्कच्या म्यूझ गेम्सने 'गन्स ऑफ इकॅरस ऑनलाइन' हा संगणकावरील खेळ काढला. त्यात फुग्यांवर तरंगणाऱ्या वायुनौका एकमेकींशी लढतात. एका नौकेवर चौघे गडी. गॅटलिंग बंदूक शत्रूचे चिलखत फोडते, पण आतल्या सांगाड्याला तिचा मार फारसा लागत नाही. उखळी तोफेचे नेमके उलट. म्हणून दोन्ही जोडीने चालवल्या की नौका झटकन कोसळते. हरलेले खेळाडू मग ओरडतात, "उखळीचा मारा कमी करा!"

मला ही मागणी घाईची वाटते. ती जोडी आपल्याला भारी पडली तो डाव लक्षात राहतो. तीच जोडी असून शत्रू हरला, तो डाव आपण विसरतो. शिवाय दोष उखळीचा, गॅटलिंगचा, की शत्रूला जवळ येऊ देणाऱ्या आपल्या कप्तानाचा?

लंबकाची लांबी आणि गोळ्याचे वजन एकदम बदलले, तर दोलनकाल कशामुळे बदलला हे कळेल का? नाही. येथेही तसेच. तुल्यबळ खेळाडू घ्या, एकच शस्त्र बदला, पुष्कळ डाव खेळा आणि प्रत्येक निकाल वहीत मांडा. मगच तोफेला दोषी ठरवा. आरडाओरड्याने मिळालेला न्याय दुसऱ्या कुणावर तरी अन्यायच करतो.