किराण्याची यादी आधी, डाएट चार्ट नंतर

कोल्हापूरच्या राजारामपुरीत संध्याकाळच्या ओपीडीला येणारा पेशंट बहुतेक बसून काम करणारा असतो. दुकानाच्या गल्ल्यावरचा, बँकेतला, शिकवणी घेणारा, शिलाई मशीनवरचा. त्याच्या आधीची पिढी करवीर-कागलच्या शिवारात दिवसभर राबलेली असते. काम बदललं; ताट मात्र तेच आहे. वजन वाढलं, साखर वाढली की त्याला ठरलेला सल्ला मिळतो: एक भाकरी कमी करा. हा सल्ला अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा आपण प्रत्येक पेशंटला सांगायलाच हवा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये गरजांचे आकडे सुधारले. ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १६६० किलोकॅलरी पुरतात. अंगमेहनत करणारीला २७२० लागतात. २०१० च्या तक्त्यात बैठ्या स्त्रीसाठी १९०० होत्या. पुरुषाचं संदर्भ वजन ६० वरून ६५ किलोवर नेलं, तरी बैठ्या पुरुषाचा आकडा २३२० वरून २११० वर उतरला. जुने तक्ते अजून वापरात असतील तर ते आजच काढून टाकावेत.

कॅलरीची गरज कामानुसार अशी हजाराने खालीवर होते, पण प्रथिनांची होत नाही. किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे या दोघी स्त्रियांना सारखीच, सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत. शेतात राबणारी बाई दिवसाला अर्धा किलो ज्वारी खात असेल, तर त्या भाकरीतूनच तिला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळायची. ज्वारीत लायसीन कमी, म्हणून ती प्रथिनं पूर्ण दर्जाची नव्हेत. सोबतची आमटी, उसळ ती उणीव भरून काढायची. त्याच बाईची लेक दोनशे ग्रॅम पिठावर आली की भाकरीतून २० ग्रॅमच उरतात. आमटीची वाटी वाढली नाही, तर वजन घटताना तिचे स्नायूही झिजतात. महिन्याभरात ‘अशक्तपणा वाटतोय’ म्हणून ती परत येते आणि टॉनिक मागते.

संस्थेने २००० किलोकॅलरीचं नमुना-ताट दिलं आहे. कच्च्या वजनात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, शेंगदाणे-तिळासारखे दाणे ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. १६६० वर यायचं तर यातल्या ३४० किलोकॅलरी काढायच्या, आणि त्या साधारण १०० ग्रॅम पिठात असतात. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे: कात्री धान्य, साखर आणि तेलावर चालवा, डाळ, भाजी आणि दुधाला हात लावू नका.

अडचण मोजण्याची आहे. ‘तीन भाकऱ्या’ याला काही अर्थ नाही, कारण हातागणिक भाकरी बदलते. ‘एक वाटी आमटी’ तर फारच फसवी. तिच्यात डाळ किती आणि पाणी किती, हे घरातल्यांनाही सांगता येत नाही. कालच्या जेवणाची आठवणही पेशंट आपल्याला बरं वाटेल अशीच सांगतो. महिन्याचा किराणा मात्र बऱ्यापैकी खरं बोलतो. वरचं ताट चार प्रौढांच्या घराला तीस दिवसांसाठी लावलं, तर धान्य ३० किलो, डाळी-कडधान्यं १० किलो, दाणे चार किलो, तेल-तूप मिळून सव्वातीन किलो, म्हणजे तेलाच्या मापात साडेतीन लिटर. धान्याच्या एक तृतीयांश डाळ, हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवलं तरी पाच मिनिटांत घराची प्रकृती कळते. तीस किलो धान्याला तीन-चार किलो डाळ येत असेल, तर त्या घरातल्या एकट्या पेशंटला चार्ट देऊन काही साधणार नाही. अशा घरात सासूबाईंशी बोलावं, आणि स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांशीच.

आपल्याकडे या हिशेबात मटण येणारच. अंडी, मटण, मासे यांनी डाळीचा काही वाटा भरून निघतो, हे खरं. पण रविवारी तांबडा-पांढरा झाला म्हणून सोमवार ते शनिवारची तूट भरत नाही. प्रथिनं शरीरात साठवून ठेवता येत नाहीत. रश्श्यावरच्या तर्रीचं तेल घरच्या साडेतीन लिटरमध्येच धरायचं. बाहेरच्या मिसळीचा कट आणि फरसाण यादीत दिसत नाही, ते वेगळं विचारावं. मोड आलेली मटकी ही मिसळीतली सर्वांत गुणाची वस्तू, तीच प्लेटमध्ये सर्वांत कमी असते.

तालमीचा खुराक हा आणखी एक नाजूक विषय. १९१२ मध्ये शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारलं. त्या परंपरेत वाढलेल्या शहराला दूध, तूप, बदामाची थंडाई म्हणजे ताकद वाटणं स्वाभाविक आहे. जोर-बैठका मारणाऱ्या पोराला तो खुराक लागतोच. तालीम सोडून वीस वर्षं झालेल्या, पण खुराक न सोडलेल्या माणसाशी आदराने, त्याच्या जुन्या मेहनतीचा मान ठेवून बोलावं लागतं.

हे सगळे आकडे निरोगी प्रौढांसाठी आहेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याची डाळ वाढवण्याआधी क्रिएटिनिन पाहा. गर्भवती आणि स्तनदा मातांचा हिशेब वेगळा मांडा. बाकीच्यांना पुढच्या भेटीला येताना किराण्याची यादी आणायला सांगा आणि तिच्या कडेलाच डाळींचे वाढीव किलो लिहून द्या.