समजावणारे खूप, ऐकणारे कमी

समुपदेशन मानसशास्त्रात एमए करतेय म्हटलं, की लोक विचारतात, "म्हणजे लोकांना समजवायचंच ना? त्याला दोन वर्षं कशाला?" समजावणाऱ्यांची आपल्या मोहल्ल्यात कमी नाही. 'सब्र कर', 'निकाह झाला की ठीक होईल', 'नजर लागली असेल'. कमी आहे ती ऐकणाऱ्यांची.

या अभ्यासक्रमात आधी सल्ला आवरायला शिकवतात. समोरच्याला आहे तसा स्वीकारणं, त्याच्या जागेवरून समजून घेणं आणि स्वतः खोटं न वागणं, ही सूत्रं कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडली. पण खुला मागणाऱ्या बाईसमोर किंवा शिक्षण सोडायला निघालेल्या मुलासमोर स्वतःचं मत बाजूला ठेवायला सराव लागतो, आणि चुका दाखवणारा अनुभवी माणूसही.

दुसरं कौशल्य विचारण्याचं. कोणी "जगण्यात अर्थ नाही" म्हणालं, तर विषय बदलायचा नाही. सरळ विचारायचं: जीव द्यायचा विचार येतो का? कसा, कधी, हे ठरवलंय का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. आपल्याकडे 'खुदकुशी हराम आहे' म्हणून चर्चा संपते आणि माणूस एकटा पडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही असा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असं गृहीत धरलं आहे. शिक्षेऐवजी त्याला उपचार मिळावेत, अशी जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

तिसरी गोष्ट मर्यादेची. सांगितलेलं गुपित राहील, जिवाला धोका असेल तरच बाहेर जाईल, हे पहिल्याच भेटीत सांगायचं. औषधं समुपदेशक देत नाही. गरज दिसली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. त्यात भाषेची भिंत. "जी घबराता" म्हणणाऱ्या खालाचं दुखणं इंग्रजी प्रश्नावलीत कसं पकडणार? तिची बोली जाणणारी माणसं या क्षेत्रात हवीत.

म्हणून बारावी-पदवीच्या उंबरठ्यावरच्या भावाबहिणींनो, डॉक्टर-इंजिनिअरच्या यादीत हेही नाव लिहा. आणि आज कोणाला गरज असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर द्या. तिथे मराठीतही बोलता येतं.